लावणीसाठी साफ केलेलं डोकं

पवनारच्या चंदनचं डोकं पुढं दोन तालुक्यांत गाजलं, पण त्याची सुरुवात केली ती त्याच्या बहिणीने. म्हणजे केस त्याचे त्यानेच गमावले, अपेक्षाचा त्यात काही दोष नाही. लग्नाच्या बायोडाट्यावर फोटो कोणता लावायचा, एवढंच तिने ठरवलं. माहेरी आली होती, हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात मोबाइल. चहा संपायच्या आत फोटो हिंगणीला पोचलाही होता.

चंदन एकतीस वर्षांचा. धाम नदीच्या काठाला वडिलांचं वावर, त्यात वांगी, सांभार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक. पहाटे भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचं आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं, असा त्याचा दिवस. पोरगा सोन्यासारखा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण आजकाल मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोरगा काय करते?" "शेती करते." "हाव, ते समजलं. पन करते काय?" इथं अर्धी स्थळं संपायची. उरलेली अर्धी चंदनला प्रत्यक्ष पाहिल्यावर संपायची.

कारण केस. ते पंचविशीतच जायला लागले. उन्हाळ्यात धामचं पाणी दोन्ही काठांनी आत सरकतं तसे ते सरकत सरकत डोक्याच्या मध्यावर येऊन थांबले होते. (थांबले होते, असं आपलं चंदन म्हणायचा. ते थांबले नव्हते, दम खात होते.)

अपेक्षाने निवडलेला फोटो आत्येभावाच्या लग्नातला. त्यात चंदनच्या कपाळावर अशी झुलपं आली होती की खुद्द चंदनलाच वाटलं, हा कोण बुवा?

"अवो, हा फोटो जुना हाय ना," तो म्हणाला.

"जुना हाय, खोटा थोडीच हाय?" अपेक्षा म्हणाली. "आधार कार्डावरचा फोटो पाहून कोनी तुले ओयखते काय? मंग? सरकार चालवून घेते तर हिंगणीवाले बी घेतीन."

 आणि काय सांगावं, हिंगणीहून होकार आला! पुंडलिकरावांची मुलगी समीक्षा, सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. पुढच्या ऐतवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. मध्यस्थ होते हिंगणीचेच बापूजी, पुंडलिकरावांचे चुलतभाऊ. त्यांनी चंदनला मुलीचा नंबर दिला आणि म्हणाले, "आजकाल आधी बोलून घेतात पोरं. बोलून घेजो."

चंदन वावरात जाऊन, बांधावर उभा राहून बोलला. समीक्षाने विचारलं, "तुमच्या वांग्याले अळी पडते तवा काय करता?" आता हा प्रश्न चंदनला आयुष्यात कोणत्याही पोरीने विचारलेला नव्हता. तो सुटला. कामगंधसापळा, निंबोळी अर्क, शेंडे कधी खुडायचे, कुठं नेऊन पुरायचे, सगळं सांगितलं. मधे श्वास घ्यायला थांबला तेव्हा त्याला वाटलं, फोन कट झाला. पण पलीकडून आवाज आला, "मंग? शेंडे पुरल्यावर?" त्या क्षणी चंदनचं काळीज पार वितळलं. हीच ती, त्याने ठरवून टाकलं. हिच्याशी नाही झालं तर वांग्यातच जन्म काढायचा.

फोन ठेवता ठेवता समीक्षा म्हणाली, "एक विचारू? तुमी फोटोत दिसता तसेच हाव ना? मागं एका स्थयानं मले जुना फोटो पाठवलता. तो आला तवा मी चहासुद्धा नेला नाई बाहेर. कसा दिसते याचं काई नाई वो, पन खोटं मले चालत नाई."

इथं 'नाही, फोटो जुना आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण चंदनच्या तोंडून घाबरून "हाव" निघून गेलं.

आता खोटं बोलून झालं होतं. ते खरं करायचा एकच मार्ग होता. फोटो बदलता येत नव्हता, म्हणून डोकं बदलायचं.

चंदन थेट वर्ध्याला रोशनकडे गेला. रोशन त्याचा शाळेतला मित्र, बस स्टँडजवळ मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. दुकानात दिवसभर इंटरनेट असल्यामुळे तो किडनीपासून कर्जमाफीपर्यंत कोणत्याही विषयावर सल्ला देत असे.

"टेन्शन कायले घेतं?" रोशन म्हणाला. "नागपूरले मागचे केस काढून समोर लावून देतात. हेअर ट्रान्सप्लांट म्हन्तात त्याले."

"मागचे काढून समोर? म्हंजे नर्सरीतली रोपं उपटून वावरात लावतात तसं?"

"हाव, बिलकुल तसंच," रोशन म्हणाला आणि स्क्रू फिरवायला लागला.

या 'बिलकुल तसंच'ने घात केला. कारण रोपं लावणं हा विषय चंदनला कोणी शिकवायची गरज नव्हती. चालता यायला लागल्यापासून तो गादीवाफ्यातून वांग्याची रोपं काढून सरीत लावत आला होता. संध्याकाळी लावायची, वरून हलकं पाणी द्यायचं, दोन दिवस माना टाकतात, घाबरायचं नाही, आठवड्यात ताठ उभी राहतात. म्हणजे आज लावणी केली तर ऐतवारपर्यंत डोकं हिरवंगार. (काळं. पण चंदनच्या मनात हिरवंच आलं.) अर्धा प्रश्न तर तिथंच सुटला, असं त्याला वाटलं.

घरी त्याने सांगितलं की नागपूरला मिरचीचं बी पाहायला जातो. बबनराव, म्हणजे त्याचे वडील, मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी मान वर न करता "लांब शेंगेचं पाहजो" म्हटलं, आणि चंदन सकाळच्या बसने निघाला.

नागपूरला उतरून दवाखान्याच्या रस्त्याला लागला तर वाटेत एक सलून दिसलं. चंदन थबकला. त्याच्यातला शेतकरी जागा झाला. वावरात आधीचं पीक उभं असताना, धसकटं तशीच असताना कोणी लावणी करतं का? वावर आधी साफ लागतं. डॉक्टरांचा वेळ वाचेल, आणि पेशंट समजदार आहे असंही त्यांना वाटेल. तो आत जाऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "भैया, पूरा साफ करो. आगे से, पीछे से, सब."

न्हाव्याने वस्तऱ्यात नवं पान घातलं. आरशात चंदनकडे बघत हलक्या आवाजात विचारलं, "कौन गया भैया?"

"अभी तक कोई नहीं," चंदन म्हणाला.

न्हाव्याचा हात क्षणभर थांबला. पण गिऱ्हाइकाच्या दुःखात फार शिरायचं नसतं, म्हणून त्याने डोकं असं चकोट करून दिलं की वरच्या पंख्याची पाती त्यात फिरताना दिसत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत स्वभावाच्या होत्या. चंदन आत गेला. त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग परत डोक्याकडे.

"काय त्रास आहे?"

"केस लावाचे हायेत मॅडम."

"वय?"

"एकतीस."

"केस अजून गळताहेत?"

"गळत होते मॅडम. आज सकाळपर्यंत."

"आणि हे कोणी केलं?"

"मीच करून आनलं," चंदन अभिमानाने म्हणाला. "वावर साफ करून आनलं. आता तुमी लावा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मला तुमचे केस बघायचे होते. मागचे किती दाट आहेत, किती जाड आहेत, पुढचे कुठवर गेलेत, ते बघूनच ठरवतात ना, लावायचे की नाही ते! तुम्ही नर्सरीच नांगरून आलात."

शेतीच्या भाषेत सांगितल्यावर चंदनला लगेच कळलं.  त्याने हळूच मागून डोक्यावर हात फिरवला. नर्सरी खरंच नव्हती.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी हाकललं नाही. समजावून सांगितलं की पंचविशीच्या आतल्यांचे तर त्या लावतच नाहीत. एकतीस वय तसं चालण्यासारखं आहे, पण नुसतं वय बघून भागत नाही. गळती थांबली आहे का, हे बघावं लागतं. "आज पुढं लावले, आणि मागून गळतच राहिले, तर लावलेले तेवढे पुढं उभे आणि मागं सगळं मैदान. कसं दिसेल?"

"नदी काठ खाऊन राह्यली अन् आपन काठावरच लावणी केली, तसं," चंदन म्हणाला.

"अगदी तसं. म्हणून गोळ्या देते, वर्षभर बघू. वडिलांचे केस कसे आहेत?"

"मले नाई माहीत मॅडम. बाबाची टोपी मी कधी निघालेली पाह्यली नाई."

"मामांचे?"

"मामा हायेत, केस नाई."

बाईंनी काहीतरी लिहिलं. चंदनने शेवटची आशा धरून विचारलं, "अन् समजा लावलेच, तर ऐतवारपर्यंत धरतीन ना?"

"लावलेले केस आधी सगळे गळतात," बाई म्हणाल्या. "तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात. पूर्ण दिसायला वर्ष."

असलं पीक चंदनने जन्मात ऐकलं नव्हतं. लावलं की आधी गळतं! तो उठला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि बाहेर पडला. मिरचीच्या बियाचं नावही त्याला आठवलं नाही. गेला होता केस आणायला, होते नव्हते तेही नागपूरला ठेवून आला. ऐतवारी समीक्षासमोर फोटोतल्या झुलपांऐवजी हे डोकं न्यायचं. ती चहा बाहेर आणणार नाही, हे नक्की होतं. आणि ती 'शेंडे पुरल्यावर?' असं परत कधीच विचारणार नाही. 

परतीच्या बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून बसला होता. दुपट्टा केव्हा घसरला ते कळलं नाही. शेजारी कोणीतरी येऊन बसलं आणि एकदम ओरडलं, "चंदन? अरे देवा!"

बापूजी! हिंगणीचे मध्यस्थ बापूजी, नागपूरचं काम उरकून सेलूवरून हिंगणीला चालले होते. बापूजींच्या मनात त्या क्षणी काय आलं ते चंदनला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आताच सांगतो. आपल्याकडे पोराने डोकं चकोट केलं की त्याचा अर्थ एकच. बाप गेला. त्यात बबनराव मागच्या महिन्यात छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात दाखवून आलेले. (गॅस निघाला. पण छातीत दुखल्याची बातमी गावोगाव जाते, गॅसची जात नाही.)

"कवा झालं रे हे?" बापूजींनी विचारलं.

"आज सकाळी," चंदन म्हणाला. चोरी पकडली गेली होती, लपवून काय उपयोग.

"कुठी? नागपूरलेच?"

"हाव."

"अन् घरी?"

"घरी कोनालेच माहीत नाई काका. आईले तर बिलकुल सांगू नका. तिचं बीपी वाढते."

बापूजींचे डोळे भरून आले. एवढं मोठं आभाळ कोसळलं आणि पोराने एकट्याने, परक्या शहरात सगळं निभावलं, आईला कळू दिलं नाही! त्यांनी चंदनचा हात दोन्ही हातांत धरला. "एकट्यानं सोसलं रे पोरा."

चंदनला भडभडून आलं. त्याच्या केसांचं दुःख इतक्या खोलवर समजून घेणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. "काका," तो म्हणाला, "हिंगणीले आज काई सांगू नका. मी स्वतः सांगतो. पन ऐतवारचा कार्यक्रम व्हाऊ द्या."

"अशात कार्यक्रम? अरे, वर्षभर तर थांबा लागते!"

"तुमाले बी माहीत हाय, वर्ष लागते ते?"

"मले नाई माहीत राहीन काय? माह्या दोन भावांचं मीच केलं."

बापूजींच्या दोन्ही भावांचे केस लावलेले आहेत हे चंदनला नवीनच होतं. घरंदाज माणसं, बोलत नाहीत, असं त्याला वाटलं आणि आदर वाढला. सेलू आलं. बापूजी उतरले, स्टँडवरून केळी घेतली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली. "सकायपासून काई खाल्लं नसशीन. खाऊन घे. मागं राह्यलेल्यायनं खाल्लंच पाह्यजे." चंदनने डोळे पुसत केळी खाल्ली. सकाळपासून खरंच काही खाल्लेलं नव्हतं.

घरी गेल्यावर ऊन लागलं, डोकं दुखतं, असं सांगून तो दुपट्ट्यासकट झोपला. आईने, जयवंताबाईने, कांदा ठेचून हुंगायला दिला. बबनरावांनी बियाचं विचारलं तर तो कण्हला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. चंदन दुपट्टा गुंडाळून पाठमोरा टोपल्या भरत होता. कुंपणाशी एक जीप थांबली. तीतून बापूजी उतरले, पुंडलिकराव उतरले, समीक्षा उतरली, आणि समीक्षाच्या आईने उतरता उतरताच रिवाजाप्रमाणे गळा काढला. "जयवंताबाई वो! काय होऊन बसलं वो!"

जयवंताबाई चुलीपुढून धावत आल्या. हिंगणीच्या होणाऱ्या विहीणबाई दारात रडताहेत, म्हणजे त्यांच्याकडं कोणीतरी गेलं. आता पाहुणी दारात रडत असताना आपण कोरड्या डोळ्यांनी उभं राहणं शोभतं का? जयवंताबाईंनीही गळा काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"कसं सोसलं वो बाई तुमी!" समीक्षाची आई रडली.

"तुमी कसं सोसलं वो!" जयवंताबाई रडल्या.

बबनराव उठले. हातातली जुडी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि कुंपणाशी जाऊन पुंडलिकरावांना दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं हो?"

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "तुमी."

 दोघी बायका रडता रडता थांबल्या. बापूजी चार पावलं मागं सरकून जीपला टेकले.

"मी?" बबनराव म्हणाले. "मी काऊन जाईन? मी मेथी बांधून राह्यलो!"

"मंग त्यानं मुंडण कायले केलं?" बापूजींनी चंदनकडं बोट दाखवलं. "बसमधी मी माह्या या डोयानं पाह्यलं! मायच्यान, त्याचा हात धरला मी! केळी देल्ली!"

बबनरावांनी दोन ढांगांत जाऊन पोराच्या डोक्यावरचा दुपट्टा ओढला. सकाळच्या उन्हात ते डोकं लखकन चमकलं. जयवंताबाईंनी आता मात्र खरंखुरं भोकाड पसरलं.

"मी जित्ता हावो ना बे!" बबनराव थरथरत ओरडले. "समोर बसलो हावो! जित्त्या बापाचं मुंडण केलं? थोडा धीर नाई धरवला? मी मेलो असतो ना कधी तरी!"

"बाबा, तसं नाई बाबा," चंदनने त्यांचे पाय धरले. "तुमच्यासाठी नाई केलं."

"मंग कोनासाठी केलं?"

आता सगळे चंदनकडे बघत होते, आणि समीक्षा सगळ्यांच्या पुढं येऊन उभी होती. सेवाग्रामची ड्यूटी सोडून, साधा पांढरा ड्रेस घालून ती बिचारी ज्या बापाच्या दुखवट्याला आली होती, तो बाप ओरडत होता आणि पोरगा जमिनीवर बसला होता.

"फोटोत दिसता तसेच हाव म्हनले होते ना?" तिने शांतपणे विचारलं.

चंदन उभा राहिला. आता काय उरलं होतं लपवायला? डोक्यावरही काही नव्हतं. "खोटं बोललो," तो म्हणाला. "फोटो जुना होता. घाबरून हाव म्हनलं. मंग वाटलं, आता बोललोच हावो तर ते खरं करून टाकू. म्हनून नागपूरले केस लावाले गेलतो. लावणीच्या आधी वावर साफ लागते म्हनून होते तेवढे बी काढले. मंग डॉक्टरीनबाई म्हन्ल्या, तुमी बसत नाई यात. वर्षभर थांबा." मग तो समीक्षाकडं बघून म्हणाला, "तुमच्यासाठी केलं. तुमी त्या शेंड्याचं विचारलं ना, म्हनून."

समीक्षाने ओठ दाबून धरले. ते सुटले. ती हसायला लागली ती कुंपणाच्या खांबाला धरून हसली. "वावर साफ करून नेलं!" एवढंच तिला म्हणता येत होतं. तिची आई पदर तोंडाला लावून हसली, मग जयवंताबाई रडता रडता हसल्या. बबनराव तेवढे टोपी घट्ट धरून उभे होते.

"खोटं बोलनारे लय पाह्यले," समीक्षा डोळे पुसत म्हणाली. "पन खोटं खरं कराले कोनी इतकी मेहनत घेते, हे पह्यल्यांदा पाह्यलं. बाबा, आलोच हावोत तर कार्यक्रम आजच करून घ्या."

"अवो पन, आपन आलो कायले होतो!" तिची आई म्हणाली. "दुखवट्याले आलेल्यायनं शुभ काम करू नाई."

"ज्याचा दुखवटा तो म्हन्ते, करा!" बबनराव गरजले. "पोहे मांड वो जयवंता. अन् मले आधी वाढ. कालपासून मेलो हावो, भूक लागली."

पोहे झाले. चहा समीक्षाने स्वतः आत जाऊन मांडला आणि स्वतः बाहेर आणला. चंदनच्या हातात कप देताना ती हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरीनबाई वर्षभर थांबा म्हन्ल्या ना? त्यायले थांबू द्या. मी नाई थांबत." चंदनच्या हातातून चहा सांडला, आणि त्याला भाजल्याचंही कळलं नाही.

सगळे उठले तेव्हा पुंडलिकराव हात धुवायच्या निमित्ताने चंदनला हौदाकडं घेऊन गेले. इकडं तिकडं पाहिलं, टोपी उचलली आणि खाली वाकून आपलं डोकं त्याला दाखवलं. पुढं सगळं मोकळं होतं, पण कानांच्या वर आणि मागं दाट झालर होती.

"जवाईबापू," ते कुजबुजले, "थ्या डॉक्टरीनबाई कुठी बसतात? माह्यं वय अठ्ठावन्न हाय. चालन काय?"

चालन म्हणजे, चाललंच! बाईंनी त्यांची साखर तपासली, बीपी तपासलं, मागची झालर बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, काका, तुमचं जे जायचं होतं ते जाऊन कित्येक वर्षं झाली, आता नवीन काही गळत नाही, मागचे भरपूर आहेत, तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही. ही बातमी चंदनला समीक्षाने फोनवर सांगितली. त्याने स्वतःच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "बरं झालं. घरात कोनाचे तरी व्हाऊ द्या."

लग्न उन्हाळ्यात लागलं. मुहूर्ताला नवरदेवाच्या डोक्यावर फेटा होता आणि सासऱ्याच्याही डोक्यावर फेटा होता, त्यामुळे कोणाचं काय चाललं आहे ते कळलं नाही. चंदनने गोळ्या नेमाने घेतल्या. पण त्याच्या डोक्यावर परत जे उगवलं ते पहिल्यापेक्षा विरळ होतं, आणि पुन्हा वस्तरा लावायची सोय नव्हती. बबनरावांनी सक्त ताकीद दिली होती की वस्तरा आता एकदाच लागेल, आणि तो बघायला ते स्वतः नसतील.

पहिल्या दिवाळीला जावईबुवा हिंगणीला गेले. दार पुंडलिकरावांनी उघडलं आणि चंदन उंबऱ्यातच उभा राहिला. सासऱ्याच्या कपाळावर केस आले होते, चांगले बोटभर लांब, काळे केलेले, वर तेल लावून भांग पाडलेले. दोघं अंगणातल्या खाटेवर शेजारी शेजारी बसले. चंदनच्या टाळूवर कार्तिकाचं ऊन पडत होतं. सासरे बोलता बोलता उगीचच केसांतून बोटं फिरवत होते.

समोरच्या घरातून म्हाताऱ्या कुंताबाई काठी टेकत आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, चष्मा अजून यायचा होता. त्या खाटेपाशी थांबल्या, दोघांकडे निरखून पाहिलं आणि चंदनच्या टकलावरून मायेने हात फिरवला.

"पुंडलिका," त्या म्हणाल्या, "जवाई लाखात एक पाह्यला रे बाबा. केस पाह कसे दाट! पन लेका, पोरगं वयानं जरासं लहान वाटते. आपल्या समीक्षेले शोभन काय?"

पुंडलिकरावांनी काहीही खुलासा केला नाही, फक्त भांग सारखा केला. समीक्षा फराळाचं ताट घेऊन दारात उभी होती आणि हसू लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. आता मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीला दिवाळीच्या दिवशी काय समजावून सांगणार?

चंदनने हात जोडले.

"शोभन मावशी," तो म्हणाला. "पोरगं समजदार हाय."